तुरुंग तरी इंग्लंडातलाच ना?

निहाल कौर तिसऱ्यांदा लंडनच्या विमानतळावर उतरली तेव्हा तिच्या अंगावर नैरोबीहून निघतानाचाच सलवार-कमीज होता.

नैरोबीत ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. केनिया स्वतंत्र झाला तेव्हा तिनं ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. पुढं नोकरीचा परवाना संपला, तशी ती लंडनमधल्या साउथॉलच्या भावाकडे निघाली. लंडननं तिला माघारी धाडलं. नैरोबीचे अधिकारी म्हणाले, "तू ब्रिटिश, आमची नाहीस," आणि पुन्हा विमानात बसवलं. चेंडूसारखी नुसती इकडून तिकडे! बरोबर कासमभाई होते, रेल्वेतले म्हातारे कारकून. त्यांचीही तीच गत.

"बाई, तुम्ही 'युनायटेड किंगडम आणि वसाहतींच्या नागरिक' आहात, हे मान्य," प्रिचर्ड नावाचा अधिकारी म्हणाला. "पण नागरिकत्व वेगळं आणि इथं राहण्याचा हक्क वेगळा. तुमचे वडील किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले होते का?"

"नाही. तुमचे नैरोबीत जन्मले होते?"

"छे."

"मग आमच्यावर राज्य कसं केलंत?"

प्रिचर्डच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कासमभाई घाईघाईनं म्हणाले, "बेटा, जरा गोड बोल. सगळं यांच्याच हातात आहे."

"चाचा, तुम्ही इतके दिवस गोडच बोलताय. पदरात काय पडलं? विमानातला गार भात!"

"माझं तर तुझ्याहून अवघड. मी जन्मानं झांझिबारचा. माझ्या पासपोर्टवर 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' लिहिलंय, म्हणजे नागरिकसुद्धा नाही."

"संरक्षित? कुणापासून? यांच्यापासून तुम्हाला, की तुमच्यापासून यांना?"

संध्याकाळी त्यांना परतीच्या विमानाकडे नेलं. शिडीच्या पहिल्याच पायरीवर निहालनं बसकण मारली.

"उठा," प्रिचर्ड म्हणाला.

"नाही उठत. उचलून न्या."

वैमानिक खाली आला आणि बाईकडं पाहून म्हणाला, "राजीखुशीनं येत नसेल, तर मी नेणार नाही."

प्रिचर्ड भडकला. "मग तुरुंगात जावं लागेल!"

"तुरुंग कुठं आहे?"

"इथंच, लंडनजवळ."

"म्हणजे इंग्लंडात?"

"अर्थात!"

"मग चला की! आत येऊ देत नव्हतात, आता स्वतःच पोचवताय."

कासमभाई खो खो हसत तिच्या शेजारी टेकले. "साहेब, गाडीत माझीही जागा धरा."

तुरुंगात गारठा होता. भिंतीकडं तोंड करून ती रडलीसुद्धा. सकाळी मात्र पहारेकरणीनं "कुठल्या तुम्ही?" विचारताच ठणकावून म्हणाली, "ब्रिटिश. म्हणून तर आत आहे." वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली आणि काही आठवड्यांनी दोघांनाही राहण्याची परवानगी मिळाली. कासमभाई लेस्टरला भाच्याकडे गेले.

न्यायला आलेला भाऊ म्हणाला, "बहेनजी, सरकारची मेहेरबानी माना. आता गप राहा."

"मेहेरबानी कसली? हक्काचं होतं, ते उशिरा दिलं."

पुढच्या रविवारी तिनं मेथीचे पराठे लाटले आणि बसनं विमानतळ गाठला. नैरोबीचं विमान आलं होतं. अडवलेल्यांत तान्ह्या बाळाची एक आई होती. मोठी खटपट करून निहालनं काचेपलीकडच्या तिच्यापर्यंत डबा पोचवला आणि ओरडून सांगितलं, "पोटभर खा, बहना. आणि काही झालं तरी परतीच्या विमानात चढू नकोस!"