पातळ आवाजाची बाई

आमच्या शाळेतले संगीताचे सर गाणी शिकवत नसत, ऐकवत. आमच्या गळ्यांवर मेहनत घेण्यात अर्थ नाही, पण कान सगळ्यांनाच मिळालेले असतात, असं त्यांचं मत होतं. खिडक्यांचे पडदे ओढायचे, डोळे मिटायचे, सर कॅसेट लावणार आणि गाणं संपलं की पहिल्या बाकापासून एकेकीने उभं राहून काय वाटलं ते सांगायचं. "चूक-बरोबर काही नसतं," सर दर तासाला म्हणायचे. "जे वाटलं ते वाटलं."

चूक-बरोबर असतं, हे वर्गाला लवकरच कळलं. "उदास वाटलं" म्हटलं की सर मान हलवायचे. "समुद्र दिसला" म्हटलं की डोळे मिटून हलवायचे. त्यामुळे पहिल्या बाकावरच्या मुलीला जवळजवळ दर गाण्यात समुद्र दिसायचा. खरा तिने कधीच पाहिला नव्हता. माझ्या शेजारणीला आम्ही पेंगूळ म्हणत असू. पडदे ओढले की ती झोपायची आणि तिची पाळी आली की मी कोपराने ढोसल्यावर उठून "शांत वाटलं" असं सांगायची. वर्गातलं तेवढं एकच उत्तर खरं असावं.

मला जे वाटायचं ते सांगण्यासारखं नसे. अंगाईगीत लागलं की माझ्या दाढा आवळल्या जात. बासरी लागली की मानेवर कोणीतरी फुंकर घालतंय असं वाटून चीड येई. एकदा सरांनी युद्धावर जाणाऱ्या सैनिकांचं गाणं लावलं तेव्हा मला सारखं वाटत राहिलं, की एवढ्या सगळ्यांचे बूट कोण शिवत असेल. मी "छान वाटलं" म्हणून खाली बसायची.

त्या वर्षी आमच्या घरात एकच विषय होता, आईचे हात.

आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायची. तिथे बायकांना कामावरून ओळखत: बाहीवाली, काजवाली, खिसेवाली. आई कॉलरवाली. कॉलर लावणं सगळ्यांत अवघड. गळ्याचा गोल आणि कॉलरीची पट्टी एकमेकींशी जुळवून घेत मशिनीखालून काढायची, कुठे चुणी पडता कामा नये. माझ्या जन्माच्या आधीपासून ती तेच करत होती आणि रस्त्याने जाताना पुरुषांच्या गळ्यांकडे बघून कोणाची कॉलर वाकडी बसली आहे ते मला हळूच सांगायची.

कारखान्यात दिवसभर कर्ण्यावर गाणी लागत. ती केबिनमधल्या टेपवरून लावली जात आणि बायकांनी आपापलं काम त्या गाण्यांवर बसवलं होतं. घड्याळाकडे बघायला मान वर करावी लागते, गाण्याला करावी लागत नाही. आईचं माप एका गाण्यावर होतं, वाट पाहणाऱ्या बाईच्या. ते रोज बऱ्याच वेळा लागे, आणि एका कडव्यात एक कॉलर हा तिचा हिशेब. कडव्याच्या शेवटी सूर वर चढतो, तिथे तिची कात्री दोरा कापायची. नव्याने आलेल्या मुलींनाही ती तसंच शिकवायची.

पण काही महिन्यांपासून कडवं संपलं तरी कॉलर हातातच असायची. शर्ट तिच्यापाशी साठत आणि पुढची बाहीवाली रिकामी बसून राही. मुकादमाने दोनदा समज दिली होती. हंगाम संपेपर्यंत सुधारणा झाली नाही तर मागच्या टेबलावर पाठवीन, असं तो म्हणाला होता. मागच्या टेबलावर तयार शर्टांचे लोंबणारे धागे कापत. ज्यांची नजर गेली, ज्यांचे हात गेले, त्या बायका तिथे उभ्या असत.

"हातांना म्हातारपण आलंय," आई म्हणायची, "तोंडाला तेवढं यायचंय." घरी आल्यावर ती गरम पाण्यात मीठ टाकून हात बुडवून बसे. मग चादरीची कड चिमटीत धरून ते गाणं गुणगुणत बोटं चालवे. वरच्या सुराला तिचा आवाज फाटायचा. पूर्वी सहज लागायचा, गळाही गेला बहुतेक, असं म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

मामा तेव्हा बहुतेक संध्याकाळी आमच्याकडेच जेवायला असे. तो आईचा धाकटा भाऊ, तिनेच वाढवलेला. कारखान्यात त्याला वायरमन म्हणून चिकटवलं तेही तिनेच, साहेबांच्या केबिनबाहेर दोन दिवस उभं राहून. मशिनींच्या मोटारी, पंखे, कर्णा, सगळं तो बघायचा. आईची बोटं चादरीवर चाललेली दिसली की म्हणायचा, "ताई, तुझ्या सांध्यांना मशिनीचं तेल घालायला हवं." आई हसायची. त्याच्या विनोदांना ती नेहमीच हसायची.

एका तासाला सरांनी वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं लावलं.

सुरुवातीची तार वाजताच मी ओळखलं. शाळा सुटल्यावर कारखान्याच्या फाटकाशी आईची वाट बघत मी ते कित्येकदा ऐकलं होतं. पण गायला लागली ती कोणी दुसरीच बाई होती. मला माहीत होती ती पातळ आवाजाची, तरुण, जरा घाईत असलेली. ही जाड आवाजाची होती, वयाने थोराड, आणि तिला कसलीच घाई नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. म्हटलं, सर, ही ती बाई नाही. आणि गाणं हळू चाललंय.

वर्ग हसला. सर म्हणाले, हे गाणं एकाच बाईने म्हटलंय आणि एकदाच, तू कुठे ऐकलंस? कारखान्यात, असं मी सांगितल्यावर वर्ग आणखी हसला. मागून कोणीतरी मला घड्याळबाई म्हणालं आणि ते नाव पुढे शाळा संपेपर्यंत टिकलं.

"तू चुकीचं ऐकलंयस," सर म्हणाले. ते रागावले नव्हते. उलट त्यांना मजा सुचली. त्यांच्या टेपला वेग कमी-जास्त करण्याचं एक छोटं बटण होतं. घड्याळबाईंना हवं तसं ऐकवू या, म्हणत त्यांनी गाणं पुन्हा लावलं आणि ते बटण फिरवत नेलं. आवाज पातळ होत गेला, मग चिरका, मग किल्लीच्या बाहुलीसारखा. मुली बाकांवर डोकी टेकून हसत होत्या. पण बाहुली होण्याच्या आधी, मध्येच कुठेतरी, क्षणभर ती माझी बाई येऊन गेली होती.

मी सरांना मागे न्यायला सांगितलं. त्यांनी नेलं.

"इथे," मी म्हणाले. "हीच."

टेपच्या बटणाचं मला कोणी शिकवलं नव्हतं, पण कंपन वाढलं की सूर चढतो हे विज्ञानाच्या बाईंनी नुकतंच शिकवलं होतं. फीत जोरात ओढली की दोन्ही गोष्टी एकदमच होणार, वेग वाढणार आणि सूर चढणार. आईचे हात आणि आईचा गळा एकाच वर्षी गेले होते. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच कारण सापडलं तर बहुतेक वेळा ते खरं असतं.

मग आता काय वाटतंय, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी आई पाण्यात हात बुडवून बसली होती आणि मामा जेवत होता. कारखान्यात गाणं जोरात चालवतात, असं मी सांगितलं. आईला आधी ते कळलंच नाही. गाणं कसं जोरात जाईल, गाणं ते गाणं, असं ती म्हणाली. मी फितीचं, बटणाचं, जाड आवाजाच्या बाईचं पुन्हा नीट सांगितलं. ऐकता ऐकता तिची नजर माझ्यावरून मामाच्या ताटाकडे गेली. त्याचा हात थांबला होता.

"खरं का रे?" तिने विचारलं.

मामा म्हणाला, साहेब सांगतात तेवढंच मी फिरवतो. एकदम नाही, दर महिन्याला केसभर. एवढ्या बायका बसतात, कोणाच्या लक्षात आलं नाही. मी नाही फिरवलं तर दुसरा फिरवेल.

"मला सांगायचंस."

"सांगून काय केलं असतंस, ताई? हळू शिवलं असतंस?"

आईने हात पाण्यातून काढून पदराला पुसले. "तेल घालायला हवं म्हणायचास," ती म्हणाली, "तेव्हा तुला माहीत होतं."

आईने त्याला वाढलं आणि जेव म्हणाली. त्याने मान खाली घालून ताट संपवलं आणि चपला घालून गेला.

तो गेल्यावर तिने मला ते गाणं शाळेतल्यासारखं म्हणायला लावलं. मी म्हटलं, खालच्या सुरात, हळू. तिने चादरीची कड धरली. कडवं संपत आलं तसा तिने सूर धरला, तो वर गेला आणि फाटला नाही. त्याच जागी तिची दोन बोटं कात्रीसारखी मिटली.

"बसली," ती म्हणाली. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिली, हरवलेलं काहीतरी घरातच सापडावं तशी.

मला वाटलं, झालं. चूक सापडली की दुरुस्त होते, अशी माझी त्या वयात समजूत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईने बायकांना सांगितलं. जुन्या दोघी-तिघींनी मान हलवली. त्यांनाही आपले हातच गेले आहेत असं वाटत होतं. काजवाली आणि इतर नव्या मुली याच वेगावर शिकल्या होत्या, त्यांना त्यात जोरात काही दिसेना. आम्हाला जमतंय की, त्या म्हणाल्या. आई एकटीच मुकादमाकडे गेली आणि टेपचं बटण पूर्वी होतं तिथे आणा म्हणाली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. आठवडा संपायच्या आत उत्तर आलं. गाण्यांबद्दल तक्रार आहे ना, मग गाणीच नकोत.

टेप केबिनमधून गेला. त्याच्या जागी घंटा आली. ठरावीक वेळाने वाजायची, आणि एका घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत एक शर्ट पुढे सरकला पाहिजे. घंटा जाड आवाजाची नसते आणि पातळही नसते. ती खरी किती वेळाने वाजायला हवी, हे कुठल्याच संगीताच्या वर्गात ऐकायला मिळत नाही. तिची वायर मामाने ओढली.

बायकांना राग आला तो मुकादमाचा नाही. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट त्यांची होती आणि ती आईने घालवली होती. "हात दाखवून अवलक्षण," बाहीवाली म्हणाली, आणि इतकी वर्षं जो डबा ती आईशेजारी उघडत होती तो उचलून दुसरीकडे जाऊन बसली. आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामाचा विषय निघाला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," एवढंच ती म्हणाली. नंतर ती त्याच्याबद्दल चांगलं किंवा वाईट बोलली नाही. तो जेवायला यायचा बंद झाला. सणासुदीलासुद्धा त्याचं ताट मांडलं गेलं नाही.

हंगाम संपला तेव्हा तिला मागच्या टेबलावर पाठवलं. तिची मशीन काजवालीला मिळाली. आईने हात पाण्यात बुडवणं सोडून दिलं. हात चांगले आहेत हे आता तिला माहीत होतं, पण ते जाऊन सांगायचं कोणाला, हा प्रश्न होता. रस्त्याने चालताना ती गळ्यांकडे बघेनाशी झाली.

वर्ष संपताना संगीताची तोंडी परीक्षा होती. सरांनी पुन्हा तेच गाणं लावलं. बहुधा विसरले असतील, किंवा नसतीलही. पहिल्या बाकावरच्या मुलीला समुद्र दिसला. पेंगूळला शांत वाटलं. मी उभी राहिले.

"एका कडव्यात एक कॉलर बसते," मी म्हणाले.

सरांनी वाट पाहिली. मग हे गाण्याबद्दल झालं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. वाटलं काय ते सांग, ते म्हणाले, चूक-बरोबर काही नसतं. मी म्हटलं, तेवढंच. त्यांनी मला पास केलं, जेमतेम.

घरी आई माझ्या शाळेच्या शर्टाचं बटण लावत बसली होती. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीने घट्टा पडला होता आणि सुई त्याला अडत होती. परीक्षेत काय झालं ते मी तिला सांगितलं. कुठलं गाणं, तिने विचारलं. मी सांगितलं.

"कसं लावलं होतं?"

"खरं. हळू."

तिने दोरा दातांनी तोडला आणि बटण ओढून पाहिलं.

"आता त्यातसुद्धा कॉलर बसायची नाही," ती म्हणाली आणि शर्ट माझ्याकडे टाकला.