सरांचे रिकामे हात

सकाळपासून सरांना एका जागी चैन पडत नव्हती. शल्यविभागातली शेवटची शिकाऊ डॉक्टर, जिला सगळे चिमणी म्हणत, आज दुपारी त्वचाविभागाला होकार कळवणार होती. तिच्या आधीचे दोघे असेच निघून गेले होते. ही गेली की सरांच्या निवृत्तीनंतर विभागाला कुलूपच.

"सुखाची नोकरी हवी असेल तर जा बापडी," हात धुता धुता सर चिमणीवर फणकारले.

"सुखाची नाही हो, हाताला काम देणारी हवीय. इथे मी नुसती जखम फाकवून धरते. टाका घालायला घेतला, की तुमचं 'दे इकडे' सुरू!"

"मी असं म्हणतो?"

"वहिनींना विचारा, घरी भाजी तरी चिरू देता का त्यांना," सिस्टर अवजारं मांडत म्हणाल्या.

सर वरमले. अपेंडिक्सचा पेशंट टेबलावर आला, तेव्हा त्यांनी सुरी चिमणीच्या हाती दिली. तिने पोट नीट उघडलं. पण आतड्याशी पोचताना ती जरा थबकली, आणि सरांचा हात आपसूक पुढे गेला. "दे इ..."

सिस्टर खाकरल्या.

सर मागे सरले. त्यांनी हातमोजे ओढून काढले आणि बादलीत टाकले. "सिस्टर, जखम तुम्ही धरा. आता मला मधे यायचं तर पुन्हा हात धुवावे लागतील."

तेवढ्यात एक बारीक रक्तवाहिनी सुटली. टेबलाभोवती सरांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. "चिमटा लाव! खोल नको, जरा वर..."

"सर, तोंडाला मास्क आहे ना?" चिमणी मान वर न करता म्हणाली.

सरांनी मास्क नाकावर ओढला. तिने चिमटा लावला, गाठ मारली. सरांनी ती निम्म्या वेळात मारली असती. पण गाठ पक्की बसली, रक्त थांबलं.

दुपारी तिने बाहेर येऊन त्वचाविभागाला फोन लावला. सर भिंतीवरची सूचना उगाच वाचत होते.

"नाही, अजून ठरत नाहीये. आठवडाभर थांबाल?" फोन ठेवून ती सरांकडे वळली. "उद्याचा हर्निया मी करणार. अख्खा."

"कर की."

ती निघून गेली. सरांना हायसं वाटायला हवं होतं. पण आठवडाभर हे हात आवरायचे कसे? त्यांनी ते खिशात घातले, काढले, पुन्हा घातले.