डावीकडचं आकाश

मी एक हेलिकॉप्टर बोलतोय. दचकू नका, माझ्यात कुणी बसत नाही. दोन हातांवर आडवा घेतला तर मावेन, एवढाच मी. वर दोन लांब पाती, मागे बारीक शेपूट, शेपटीला छोटा पंखा आणि तोंडावर पिवळं प्लास्टिकचं टोपडं. जमिनीवर उभं राहून कुणीतरी रिमोटच्या दोन दांड्या हलवतं आणि मी उडतो. लोक मला छंद म्हणून घेतात. माझ्या वाट्याला जे आलं ते मात्र छंदापुरतं राहिलं नाही, म्हणून सांगायला बसलोय.

मी खोक्यातून आलो, सुट्या भागांच्या रूपात. मला जोडलं सरांनी. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी माझा एकेक स्क्रू बसवला. हात इतका निगुतीचा की माझं एकही पातं कधी थरथरलं नाही.

शहराच्या टोकाला, जिथून बस वळून परत फिरते, त्या शेवटच्या थांब्याला लागून एक मोकळं मैदान होतं. तिथे सर मला उडवत. आणि तिथेच एका बसचा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून मला बघत बसे.

त्याला डेपोतले सगळे ‘लोणी’ म्हणत. थांब्यावर तो बस इतकी अलगद टेकवायचा की उभ्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळत नसे. एक दिवस तो खाली उतरून सरांपाशी आला.

“सर, हे शिकायला काय लागतं?”

“चिकाटी. आणि पडझड सोसायची तयारी.”

“एवढी लांबलचक बस रिव्हर्समध्ये बोळात घातलीये मी. आणखी काय सोसायचं?”

सर हसले. “मग या सुट्टीच्या दिवशी.”

तो आला, आणि येतच राहिला. पुढे सरांनी स्वतःसाठी मोठं हेलिकॉप्टर घेतलं आणि मला त्याच्या हवाली केलं.

मला उडवायला शिकणं सोपं नाही. विमान एकदा वर गेलं की आपलं आपण पुढे जातं. मला हवेत एका जागी उभं करायचं म्हणजे गुळगुळीत ताटात गोटी मधोमध धरून ठेवण्यासारखं आहे. क्षणभर हात विसावला की मी निसटलोच. सरांनी माझ्या पायांना काठ्यांची फुली बांधली, काठ्यांच्या टोकांना चेंडू लावले, म्हणजे मी कलंडू नये. पहिल्या दिवशी लोणीनं मला गुडघाभर उचललं आणि घाबरून खाली आपटलं. दुसऱ्यांदा उचललं, पुन्हा आपटलं. मग जमिनीवर फतकल मारून स्वतःलाच हसत बसला.

पण त्याचे हात खरंच लोण्याचे होते. दांड्या तो ओढत नसे, त्यांना नुसतं सुचवत असे. पावसाळा सरेपर्यंत शेपूट स्वतःकडे ठेवून तो मला हवेत स्थिर धरायला लागला. घरी परतला की मऊ फडक्यानं मला पुसून कपाटावर ठेवायचा. त्याची बायको वाचनालयात पुस्तकं लावायचं काम करायची. ती दारातून बघत म्हणायची, “इतक्या हळुवार हातांनी मला कधी धरलं नाही हो तुम्ही.”

“तुला कुठे पाती आहेत?” तो म्हणायचा.

“जिभेला आहेत.”

आणि दोघंही हसायची. ते घर मला आवडायचं.

काठ्यांची फुली सुटली आणि तिथून माझी पडझड सुरू झाली. पडायचो तो नेहमी एकाच बाजूला. मी सरळ समोर असलो की हात स्थिर. जरा डावीकडे झपकन सरकलो की लोणी गडबडायचा, भलतीच दांडी दाबायचा आणि मी गवतात. त्यानं वाऱ्याला दोष दिला. मग उन्हाला. मग मला. सरांनी मला टेबलावर घेऊन पूर्ण उघडलं, पात्यांचा दांडा काचेवर गरगर फिरवून पाहिला. कुठेच वाकलेला नव्हता.

“यंत्र ठणठणीत आहे,” सर म्हणाले.

खरी गोष्ट कळली ती एका सकाळी. सर त्याच्या डाव्या हाताला उभे होते. मी भरकटायला लागलो तसा सरांनी रिमोटसाठी हात पुढे केला. अगदी त्याच्या खांद्याजवळ.

“द्या इकडे. लवकर.”

“कुठे आहात तुम्ही, सर?”

“हा काय, इथेच. हात धरलाय ना पुढे.”

लोणीनं मान वळवली, तेव्हा कुठे त्याला तो हात दिसला. तोवर मी खांबावर आदळलो होतो. पाती तुटून पार मैदानाच्या कडेला उडाली. त्या दोघांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. सर त्याच्या डोळ्यांकडे बघत होते.

दोन-चार दिवसांत सर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी दुरुस्तीला जायचा म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर पडून होतो.

“डॉक्टर म्हणाले ते नीट ऐकलंत ना?” परतताना सरांनी विचारलं.

“ऐकलं. डोळ्यांतला दाब वाढलाय. कडेची नजर खाऊन बसलाय. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते थेंब घालून टिकवायचं.”

“आणि बस?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “बस चालवू नका म्हणाले.”

“मग?”

“सर, मिसरूड फुटल्यापासून स्टिअरिंग धरलंय मी. ते सोडून काय करू? घरात बसून पडदे ओढू? मला थोडा वेळ द्या. मीच डेपोत जाऊन सांगतो. तुम्ही तोवर कुणाला बोलू नका. हिलासुद्धा नाही.”

सरांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, “लवकर सांगा. मला हे झेपणार नाही.”

त्यानं सांगितलं नाही. थेंबांची बाटली तो बुटांच्या कपाटात मागे ठेवायचा. बायकोनं विचारलं की “रस्त्यावरची धूळ गं,” म्हणून डोळे पुसायचा. आणि मैदानावर त्यानं नवीनच काहीतरी आरंभलं. मला उडवताना तो सारखी मान डावीकडे नेऊन परत आणायला लागला, दाणे टिपणाऱ्या कोंबड्यासारखी. हळूहळू ती सवय त्याच्या अंगात मुरली. माझी पडझड थांबली.

आणि एक दिवस त्याला ते जमलं, जे शिकायला भल्याभल्यांची वर्षं जातात. माझं तोंड स्वतःकडे करून त्यानं मला हवेत उभं केलं. अशा वेळी डावं ते उजवं होतं, उजवं ते डावं, आणि डोक्याचा भुगा होतो. मी त्याच्या समोर, त्याच्या छातीच्या उंचीला, निश्चल तरंगत होतो. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. अलगद मला उतरवून तो सरांकडे वळला.

“बघितलंत? आता बोला! मान फिरवली की सगळं दिसतं मला. उगाच घाबरलो होतो आपण.”

सरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनाही ते खरं वाटलं असावं. निदान वाटून घ्यायचं होतं. त्या दिवसानंतर डेपोत सांगायचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

मला उडवणं आणि बस चालवणं यात फरक आहे. माझ्या मैदानात एकटा मीच असायचो. रस्त्यावर माणसं असतात.

ती बाई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. सकाळी सायकलवरून कामाला निघाली होती, रस्त्याच्या कडेनं, आपल्या बाजूनं. लोणीनं थांब्याला लावायला बस डावीकडे घेतली. मान फिरवलीही असेल त्यानं. पण कोंबड्याची मान परत उजवीकडे येते तेवढ्या वेळात सायकल पुढे आली होती. ती बाई वाचली नाही.

त्याचा एक सोबती दुपारी त्याला घरी घेऊन आला. अंगात खाकी शर्ट, एका बाहीला माती. बायकोनं पाणी पुढे केलं, ते त्यानं घेतलं नाही.

“दिसली नाही गं मला ती,” तो म्हणाला.

“अहो, होतं असं. एकदम मधे आली असेल.”

“नाही. दिसलीच नाही. मला त्या बाजूचं दिसत नाही.”

मग त्यानं सगळं सांगितलं. बायको उठली, बुटांच्या कपाटातून ती बाटली काढली आणि त्याच्या समोर ठेवली. “धूळ म्हणालात ना?” एवढंच बोलली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच मला ऐकवेना.

पुढे घरात माणसांची ये-जा वाढली. वकील आला, डेपोतली मंडळी आली. सगळ्यांचं एकच: सायकल अचानक मधे घुसली असं सांग. बघणारं कुणी पुढे आलेलं नाही. डोळ्यांचं बाहेर कुणाला ठाऊक नाही. तो मान खाली घालून ऐकत राहायचा.

खटल्याच्या आधी एक माणूस दारात आला. हातात नळ दुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी. त्या बाईचा नवरा. लोणीच्या बायकोनं त्याला आत घेतलं, खुर्ची दिली. तो बसला नाही.

“भांडायला आलो नाही,” तो म्हणाला. “एकच विचारायचंय. लोक म्हणतात, तिनं बघितलं नाही, तीच चुकली. माझ्या दोन मुली आहेत. धाकटी रोज विचारते, आई चुकली होती का? मला तिला काय सांगू ते कळत नाही. तुम्ही होतात तिथे. तुम्ही सांगा.”

लोणी उभा राहिला. त्या माणसाचा पूर्ण चेहरा दिसावा म्हणून त्यानं मान वळवली.

“ती चुकली नाही. ती तिच्या बाजूनंच चालली होती. मला डावीकडचं दिसत नाही आणि ते मला आधीपासून माहीत होतं. पोरींना सांगा, चुकला तो ड्रायव्हर.”

तो माणूस पिशवी घेऊन निघून गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि तसं कुणी त्याला विचारलंही नाही.

कोर्टातही लोणी तेच बोलला. वकिलानं बाही ओढली तरी बोलला. मी तिथे नव्हतो. निकाल लागल्यावर सर ते सांगायला घरी आले, तेव्हा ऐकलं. त्याला तुरुंगवास झाला.

सरांना आणखीही काही सांगायचं होतं. “वहिनी, मला ठाऊक होतं. मी वचन दिलं होतं त्यांना.”

“एक शब्द मला सांगितला असतात,” ती म्हणाली, “तर हाताला धरून खाली ओढलं असतं मी त्यांना. रुसले असते, वर्षभर बोलले नसते माझ्याशी. चाललं असतं मला.”

सर उठून गेले. नंतर ते मैदानावर गेले नाहीत, असं ऐकलं.

आता मी कपाटावर आहे. माझी बॅटरी फुगली होती, ती तिनं काढून टाकली. पाती सैल झाली आहेत. भेटीच्या दिवशी ती तुरुंगात जाऊन येते आणि बहिणीला फोनवर सांगते, तेव्हा मला त्याची खबर कळते. त्याची नजर आणखी आक्रसली आहे. समोर बसलेल्या बायकोचा चेहरा त्याला तुकड्यातुकड्यांनी बघावा लागतो. परवा त्यानं विचारलं, हेलिकॉप्टर अजून आहे का, असेल तर कुणाला तरी देऊन टाक. तिनं हो म्हटलं. अजून दिलेलं नाही.

कधीतरी देईल. तुमच्यापैकीच कुणी मला घेऊन जाईल, नवी पाती बसवेल, त्या मैदानावर नेईल. न्या मला, मला उडायला अजून आवडेल. पण शिकताना शेजारी कुणाला तरी उभं करा. आणि त्या माणसाला काही दिसलं, जे तुम्हाला दिसत नाही, तर त्याला गप्प बसवू नका. त्यानं तुमच्या घरी जाऊन सांगितलं, तरी त्याच्यावर रागावू नका.

त्या नळवाल्याच्या धाकट्या मुलीला उत्तर मिळालं असेल. आई मिळाली नाही.