गळ्याचं वाढलेलं माप

शुक्रवारी दुपारी मोठ्या दवाखान्यात अहवाल आला, आणि आपण काय घालवून बसलो ते शिंप्याला कळलं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, लसवाल्या साहेबांच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला होता. शिंप्याच्या बायकोच्या मेंदूत गाठ होती. महिन्यापूर्वी तिला चमचा तोंडापर्यंत नेता येत नव्हता, आणि त्या दिवशी ती काठीशिवाय तीन पायऱ्या चढली. साहेब माइकवर सांगत होते, की मोठे डॉक्टर नुसत्या चाचण्या घेत बसतात, आमची लस थेट गाठीला नोटीस बजावते. शिंप्याने तर सगळ्यांसमोर टेप काढून दाखवली. बायकोच्या गळ्याचं माप दोन बोटं वाढलं होतं. अंग धरलंय, असं तो म्हणाला. तिच्यासाठी नवा कोटही बेतला.

मोठ्या दवाखान्यातही एक लस होती, अगदी पहिल्या टप्प्यावरची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, की सध्या फक्त ती टोचून अपाय होत नाही ना, एवढंच बघतोय. गुण येईल असं मी म्हणणार नाही. नाव नोंदवून नंबराची वाट बघता बघता शिंपी साहेबांकडे गेला. बुधवारी नंबर लागला, तेव्हा दोन लसी म्हणजे दुप्पट गुण, असा हिशेब करून तो बायकोला घेऊन हजर झाला. बाईंनी तिचा गोल झालेला चेहरा बघितला आणि साहेबांची कुपी तपासायला मागून घेतली.

शुक्रवारी त्या म्हणाल्या, "यात लस नाहीच. सूज उतरवणारं स्टेरॉइड आहे. आम्हीही देतो, पण मोजून. गाठीभोवतीची सूज ओसरते, माणूस उठून चालतो. गाठ आत वाढतच असते. चेहरा आणि मान याच औषधाने फुगतात, हातपाय मात्र वाळतात."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. "अहो, माझ्या ब्लाउजच्या बाह्या दोन बोटं आत घेतल्यात, ते सांगितलंत का तिथे?"

ते शिंप्याने सांगितलं नव्हतं.

"मग आता तुमची लस टोचा," तो बाईंना म्हणाला.

"नाही टोचता येणार. लसीला शरीराची राखण जागी लागते, हे औषध तिलाच झोपवतं. आणि इतका मोठा डोस एकदम बंद केला तर जिवावर बेतेल. नंबर पुढच्या माणसाला द्यावा लागेल."

"टोचली असती तर वाचली असती?"

"माहीत नाही. तेच शोधायला चाचणी असते."

पाच आठवड्यांनी ती गेली.

आता दर मंगळवारी शिंपी टेप घेऊन हॉलच्या दाराशी उभा असतो. गळा मोजता तसा दंडही मोजा, कुपीत काय आहे ते विचारा, आणि जो 'माहीत नाही' म्हणायला कचरत नाही त्याच्याकडे आधी जा, एवढंच सांगतो. दोघंतिघं ऐकतात. बाकीचे आत जातात. बायको गेल्याने बिचाऱ्याचं डोकं फिरलंय, असं साहेब माइकवर सांगतात.

त्याने साहेबांविरुद्ध तक्रार देऊन चार महिने झाले. हॉल अजून चालू आहे. कोटाची काजं करायची राहिली आहेत.