गाडी उलाळ आहे

शनिवारी दुपारी टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या फरशीवर, निशिकांतदादांनी चिकटपट्टीने एक कॅरव्हॅन आखली. टीपॉय बेडरूममध्ये गेला, सोफा भिंतीला लागला, आणि सोफ्यावर बसलेल्या माझ्या बाबांना पाय वर घ्यावे लागले. माझ्याच स्वयंपाकघरातले डबे आणून, त्यांवर ‘तांदूळ’, ‘पाण्याचे कॅन’, ‘बिअर’ अशा चिठ्ठ्या लावून दादा ते पट्टीच्या आत मांडत होते. मला विचारलं नव्हतं. डब्यांचंही नाही आणि मांडणीचंही नाही.

निशिकांतदादा माझ्या नवऱ्याचे, अश्विनचे मावसभाऊ. सोमवारी आमची दोन कुटुंबं पर्थला निघणार होती. तिथे एक कॅरव्हॅन आणि ती ओढायला एक मोठी गाडी भाड्याने घ्यायची, किराणा भरायचा आणि दहा दिवस किनाऱ्याने वर वर जायचं. गाडी दादा चालवणार, शेजारी अश्विन. मागच्या सीटवर त्यांची बायको सुलेखा, मी आणि आमची नऊ वर्षांची अदिती.

आता माझं काम काय, ते सांगते. मी चांगी विमानतळावर विमानांचं लोडिंग ठरवते. कुठला पेटारा पुढे, कुठला मागे, पोटात किती, शेपटाकडे किती. चौदा वर्षं हेच करते आहे. माझा कागद हातात पडल्याशिवाय कप्तान विमान हलवत नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि गेले आठ दिवस त्याचा कुणालाही काहीही उपयोग नव्हता.

कारण दादांनी कॅरव्हॅनचं वास्तुशास्त्र काढलं होतं.

जड सामान नैऋत्येला. पलंगाखाली लोखंड नको, ओझं नको, झोप लागत नाही. दार उत्तरेचं धरायचं. असं सगळं धरल्यावर नैऋत्य आली कॅरव्हॅनच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात. पंधरा किलो तांदूळ, पाण्याचे दोन कॅन, बिअरचे दोन क्रेट, बिडाचा तवा, कुकर, हत्यारांची पेटी, सगळं त्या एका कोपऱ्यात. पुढे पलंग, आणि पलंगाखाली फक्त चादरी.

“काका, कॅरव्हॅन टर्न झाली तर साउथवेस्ट ऑल्सो टर्न होणार, लाह,” अदिती तिच्या इथल्या शाळेच्या ढंगात म्हणाली.

“मोठ्यांच्या मध्ये बोलू नये,” दादा म्हणाले. अश्विन हसला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी पुन्हा सांगितलं. आठ दिवसांतली पाचवी खेप. कॅरव्हॅन एका कडीवर गाडीला अडकलेली असते. जड सामान खाली, चाकांच्या आसपास, थोडं पुढच्या बाजूला, आणि डावं-उजवं सारखं. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा त्या कडीवर दाबून बसला पाहिजे. मागे जड झालं की तो दाब सुटतो. मग शेजारून मोठा ट्रक गेला किंवा वारा आला की कॅरव्हॅन डुलायला लागते, आणि एकदा डुलायला लागली की पुढच्या गाडीलाही ओढून आडवी करते.

“अगं चैत्राली, उलट कडीवर भार कमी म्हणजे गाडीवर ताण कमी. पेट्रोल वाचतं,” दादा म्हणाले. “आणि हे काय विमान आहे? रस्त्यावरच चालणार ना?”

“तसं लोडिंग असेल तर अदिती येणार नाही. मीही येणार नाही.”

“झालं,” अश्विन म्हणाला. “अगं, सुट्टी आहे. ऑफिस कशाला आणतेस घरात?”

खरं सांगायचं तर दादांचा मला तितका राग आला नाही. त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. असली माणसं मी रोज बघते. पण अश्विनला माहीत होतं. लग्न झालं तेव्हापासून मी त्याला जेवताना हेच ऐकवत आले आहे.

तेवढ्यात बाबांनी पाय खाली सोडले. ते चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि डब्यांकडे बघत राहिले. बाबा कराडजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या बैलगाड्या काट्यावर घेऊन त्यांची हयात गेली. महिन्याभरापूर्वी ते आमच्याकडे आले, आणि आल्यापासून त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं.

“गाडी उलाळ आहे की,” ते म्हणाले.

दादांचा हात थांबला. “उलाळ?”

“मागं ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते. जू बैलाच्या मानेवरनं वर उचलतं. बैल नुसता झुलतो, त्याला धर राहत नाही. अशी गाडी मी काट्यावर घेत नव्हतो. बाजूला घे, भर नीट, मग ये, म्हणायचो.”

“अरे हो, उलाळ! आमच्या आजोळी म्हणायचे.” दादांचा चेहरा उजळला. “काका, मग नैऋत्येचं काय?”

“बैलाला काय ठाऊक नैऋत्य कुठं आहे ते?”

आणि दादा हसले. वाकून तांदळाचा डबा स्वतः चाकांपाशी ठेवला, पाण्याचे कॅन पलंगाखाली सरकवले. “बघ चैत्राली, काकांनी एका शब्दात समजावलं.”

मला बाबांचा अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो संताप. आठ दिवस, पाच वेळा, चित्रं काढून सांगितलं. ते ऑफिस होतं. बाबांनी एक शब्द टाकला, तर ते शहाणपण.

“मी वेगळं काय सांगत होते?”

“अगं, तू ते टक्के वगैरे...”

“निशिकांतराव,” बाबा म्हणाले, “मी बैलगाड्या बघितल्या. विमानात पहिल्यांदा बसलो ते इकडं येताना. विमानं ही पोर भरते. मला काय विचारता? हिला विचारा.”

दादा माझ्याकडे वळले. मी अश्विनकडे बघत होते.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“दादाला वाईट वाटलं असतं.”

“आणि त्या गाडीत मागच्या सीटवर अदिती बसणार होती.”

त्याने मान खाली घातली. अदिती आजोबांना टेकून उभी होती.

“सगळे डबे बाहेर काढा,” मी म्हटलं. “पहिल्यापासून.”

दादांनी वाकून एकेक डबा बाहेर काढला. मी बॅगेतून कोरा कागद काढला, त्यावर कॅरव्हॅन आखली, चाकं आखली, कडी आखली. दादांनी केलेल्या प्रवासाच्या यादीत ‘चालक’ या शब्दापुढे त्यांचं नाव होतं. ते खोडून मी माझं लिहिलं. त्यांनी ते वाचलं.

अश्विन तांदळाचा डबा छातीशी धरून उभा होता.

“हा कुठे ठेवू?” त्याने विचारलं.

आठ दिवसांत लोडिंगबद्दल त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

“आधी वजन करून आण,” मी म्हटलं. “मग सांगते.”