प्रमुखांचा घसा

“डोंगर विकायला निघालेल्या माणसाचा एक शब्दही यापुढे या अंगणात ऐकला जाणार नाही!”

योम दोकसूने हे जाहीर केलं आणि हातातल्या वाळल्या मिरचीचं देठ अशा त्वेषाने खुडलं, की तिची धूळ थेट नाकात गेली. पुढची तीन-चार वाक्यं शिंकांतच वाहून गेली. त्याची बायको सुनरे चटईवर मिरच्या पसरत होती. मान वर न करता ती म्हणाली,

“आलेत ते. फाटकाशी उभे आहेत.”

फाटकाशी गावप्रमुख बांग इनशिक उभा होता. गळ्याभोवती बायकोचा जांभळा मफलर, हातात दोन कागद. तो आत आला, वाकून नमस्कार केला आणि मिरच्या चुकवत ओट्यावर येऊन बसला. बोलला मात्र एक शब्दही नाही. दोकसूच्या बोलण्याला गावात इतका मान आजवर कुणी दिला नव्हता.

इनशिकने घशाकडे बोट दाखवून तोंड उघडलं. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज आला. मग त्याने एका कागदाच्या पाठीवर लिहिलं : ‘घसा बसला. सभेची सूचना वाचशील का, दादा?’

दोकसूने ते दोनदा वाचलं. गावाच्या सामाईक डोंगरउतारावर एक कंपनी वीज बनवणाऱ्या सौर पट्ट्या बसवणार होती. इनशिकला त्या हव्या होत्या. दोकसूला नको होत्या, कारण उताराच्या माथ्यावर त्याच्या आईचं थडगं होतं आणि डोळ्यांवर तिरीप आलेली तिला जिवंतपणीही खपत नसे. मतदान आज पाच वाजताच्या सभेत. कंपनीची मुदतही आजचीच. आणि सभेची सूचना त्याच दिवशी बाराच्या आत भोंग्यावरून झाली नाही तर सभा रद्द, हा नियम बारा वर्षं प्रमुख असताना खुद्द दोकसूनेच केला होता. म्हणजे डोंगर वाचवायला त्याने आता नुसत्या मिरच्या निवडत बसायचं होतं.

“किती वाजले गं?”

“सव्वाअकरा.”

“दुसरं कुणी नाही वाचायला?”

इनशिकने लिहिलं : ‘बाकीच्यांना चष्मे सापडेपर्यंत पाच वाजतील.’

“माझ्याकडे बघू नका, भावजी,” सुनरे म्हणाली. “भोंग्यापुढे माझी बोबडी वळते.”

“आणि मी पाचाच्या जागी सात वाजता म्हणालो तर?” दोकसूने विचारलं.

इनशिकने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं : ‘तसं तू नाही म्हणणार.’

“फार ओळखतोस मला! दोन मतांनी पाडलंस तेव्हा कुठे गेली होती ही ओळख?”

“त्यातलं एक मत माझं होतं,” सुनरे मिरच्यांना उद्देशून म्हणाली.

दोकसूने हे ऐकायचं नाही असं ठरवलं. हातातली मिरची त्याने ढिगात टाकली आणि गुडघे झटकून उठला.

गावच्या सभागृहातलं भोंग्याचं यंत्र डाव्या अंगाला एक चापट खाल्ल्याशिवाय सुरू होत नसे. ती नेमकी कुठे मारायची हे दोकसूचा हात विसरला नव्हता. पण चापट मारण्याआधी त्याने कागद मनातल्या मनात वाचून काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे काय? म्हाताऱ्यांच्या बसायच्या खोलीची जमीन कंपनी हिवाळाभर खालून फुकट तापवून देणार, ते कुठंय? तूच भांडून कबूल करून घेतलंस ना?”

इनशिकने कपाळावर हात मारला आणि पेन शोधू लागला.

“राहू दे. मी सांगतो तोंडी.”

इनशिक पेन धरून तसाच थांबला.

“असा टकामका बघू नकोस. अर्ध्या कागदाशी मी भांडत नाही.”

दोकसूने सूचना वाचली. पाच वाजता, सगळ्यांनी, वेळेवर. मग पट्ट्यांच्या बाजूचे सगळे मुद्दे, तापलेल्या जमिनीसकट. त्याच्या खणखणीत आवाजात ते इतके पटण्याजोगे वाटू लागले, की मध्येच त्याला थांबून पाणी प्यावं लागलं.

संपल्यावर इनशिकने कागद पुढे सरकवला : ‘आता तुझंही सांग. वेळ हवा तेवढा घे.’

दोकसूने खिडकीतून बाहेर पाहिलं. उताराच्या माथ्यावर आईच्या थडग्याचा तो लहानसा गवताळ उंचवटा इथूनही दिसत होता. त्याचं भाषण तीन महिन्यांपासून तयार होतं. गोठ्यातल्या गाईला ते तोंडपाठ झालं होतं. त्याने तोंड माइकजवळ नेलं. शेजारी इनशिक सवयीने पुढे सरसावून बसला होता, प्रत्येक मुद्दा खोडून काढायच्या तयारीत, ओठ अर्धे उघडे. त्यातून फक्त हवा येत होती.

“आणखी एक,” दोकसू भोंग्यावरून म्हणाला. “डोंगराबद्दल मला जे म्हणायचंय, ते मी पाच वाजता म्हणेन. प्रमुखांच्या तोंडावर. तोवर त्यांचा घसा मोकळा व्हायला हवा. कुणाकडे मोठीशी नाशपाती आणि थोडा मध असेल, तर दुपारी सभागृहात आणून द्या.”

त्याने माइक बंद करायला हात नेला आणि थांबवला.

“हाम काकूंनी कृपया मध आणू नये. त्यांच्या मधात साखर मिसळलेली असते.”