ओर्सा मेली नाही

शेंदूरजनाघाटच्या सुभद्राबाईंना ‘धुंधगढ’ची गोडी लागली ती सुनेमुळे. नवरा, केशवराव, गेल्यापासून त्या कोणाशी धड बोलत नव्हत्या. एका दुपारी मोनाली ही परदेशी मालिका हिंदीतून पाहत बसली होती, तर त्या नुसत्याच शेजारी येऊन टेकल्या. धुक्यात बुडालेला एक गड, गडावर एक लहानगी राणी आणि तिला सांभाळणारी ओर्सा नावाची दाई. पहिल्या पर्वाच्या शेवटी ओर्सा बुरुजावरून खाली धुक्यात पडली. मोनालीनं डोळे पुसले. सुभद्राबाई म्हणाल्या, "हे काई मेली नाई."

तिथून ते वेड सुरू झालं. आहेत तेवढी पर्वं पाहून झाली, मग पुन्हा पहिल्यापासून. ओर्साचा पाळीव ससाणा तिच्याशिवाय कोणाच्या हातचं खात नसे. ती पडल्यावरही तो गडावर घिरट्या घालतो, आणि वाळलेला नाही, चांगला गुबगुबीत दिसतो. मग त्याला चारतं कोण? मोनाली म्हणायची, रानात शिकार करत असेल. मग तेच दृश्य पुन्हा लावायचं, मधेच थांबवायचं, टीव्हीच्या जवळ जाऊन पाहायचं. संत्र्याच्या बागेत निंदायला बसल्या तरी दोघींचं तेच चाले, आणि मधूनच सासू खळखळून हसे.

हे हसणं उत्तमरावांना खुपलं. ते सुभद्राबाईंचे दीर. संत्र्याचा व्यापार बघत, आणि भावामागं घराचे कर्ते आपणच असं धरून चालत. श्रावणात ते रोज घरात पोथी वाचायचे. एका संध्याकाळी वाचन चालू असताना वहिनी आतल्या खोलीत टीव्हीपुढं होत्या. जेवताना त्यांनी विषय काढलाच. दादाला जाऊन वर्ष नाही झालं, लोक काय म्हणतील, या वयात हे भुताखेतांचं काय पाहायचं, असं बरंच बोलले. सुभद्राबाई खाली मान घालून वाढत राहिल्या.

"अन् शेवट मालूम असलेलं पुन्हा पुन्हा काहून पाहता, वयनी?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. "भाऊजी, पोथी तुमी दर श्रावणात वाचता. तिचा शेवट तुमाले मालूम नाई काय?"

उत्तमराव ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माणूस बोलावून घरातलं नेट काढून टाकलं. सुभद्राबाईंचा मुलगा शुभम नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात नोकरीला होता, आठवड्यातून एकदा घरी येई. त्यानं आईला समजावलं की काकांशी कशाला वाकडं घ्यायचं, चार दिवस दम धर. पण नवं पर्व त्याच रविवारी येणार होतं, आणि मोबाइलला गावात रेंज धड मिळत नव्हती.

रविवारी सकाळी सुभद्राबाई चांगलं लुगडं नेसून मोनालीबरोबर अमरावतीच्या बसमध्ये बसल्या. कुणाला विचारलं नाही. मोनालीची बहीण खुशी तिथं कॉलेजात होती. तिच्या मित्रमैत्रिणींनी पडद्यावर पाहता यावं म्हणून एका शिकवणी वर्गाची खोली मागून घेतली होती. पोरंपोरी आधीच वाद घालत होती, पुढं काय होणार म्हणून. खुशीनं हात धरून त्यांना पुढं बसवलं आणि सांगितलं, या म्हणतात ओर्सा जिवंत आहे.

चष्मेवाला एक मुलगा अदबीनं म्हणाला की काकू, मालिका बनवणाऱ्यांनीच मुलाखतीत सांगून टाकलंय, ती मेली.

"सांगोत," सुभद्राबाई म्हणाल्या. "ससाणा जाड काहून आहे, ते सांगतलं काय त्यायनं?"

मग अंधार झाला. पहिल्याच दृश्यात गडाखालच्या तळ्यात कोळ्यांनी टाकलेल्या जाळ्यात हाडं आली. हाताच्या हाडात ओर्साची निळ्या खड्याची अंगठी होती. राणी ती छातीशी धरून रडली. मोनालीनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

भाग संपला, दिवे लागले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. सुभद्राबाईंना वाईट वाटलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "हाडं कोणाचीबी असतीन. अंगठी काय, कोणालेबी घालता येते."

"काकू, आणि पुढं ती मेलेलीच निघाली तर?"

"तं मंग त्यायचं चुकलं. मी नाई मानत."

कुणीतरी हसलं, पण चष्मेवाला हसला नाही. तो म्हणाला, थांबा, अंगठी होती कोणत्या बोटात? आणि मग जो गोंधळ उडाला त्यात बस चुकली.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. उत्तमराव ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. कुठं गेला होता म्हणून त्यांनी विचारलं. सुभद्राबाईंनी काहीच लपवलं नाही. अमरावतीला, धुंधगढ पाहायला, म्हणाल्या. येत्या रविवारीही जाईन आणि त्याच्या पुढच्याही.

"घराची काई इज्जत?"

"घर माहंबी आहे, भाऊजी. मी हसली तं ते पडत नाई."

सुभद्राबाई त्यांच्यासमोरच, ओसरीतल्या बाजेवर बसल्या आणि मोनालीला तिचा मोबाइल काढायला सांगितला; खुशीनं त्यात जुने भाग उतरवून दिले होते.

"पहिल्यापासून लाव," त्या म्हणाल्या. "अन् आवाज मोठा कर."